लाईन गेली का?

लाईन हा शब्द इंग्रजी आहे असं शिवकांताच्या गावात कुणी सांगितलं, तर तिची म्हातारी सासू केवळाबाई पदर तोंडाला लावून हसेल. इंग्रज इथं आला होता कधी? इथं निजाम होता. पण लाईन घरोघर आहे. पंखा थांबला की लाईन गेली, फिरला की लाईन आली. रेशनला लाईन, बँकेत लाईन. पोरगं वाया चाललं की त्याला लाईनवर आणायचं. लेकीनं दहावीला मार्क पाडले की तिला मेडिकलची लाईन धरायला लावायची आणि लातूरला नेऊन क्लासात कोंडायची. सोयरीक बघायला आलेली माणसं सुपारी कातरत विचारतात, "पोरगा कोणत्या लाईनीत हाय?" शिवकांताचा बाप हिमायतनगरहून वैजनाथला बघायला आला, तेव्हा केवळाबाईनं छाती पुढं काढून सांगितलं होतं, "आमचा लाईनच्याच लाईनीत हाय."

बाप हसला होता. त्याला ठाऊक होतं. ठेक्याचं पहिलं वर्ष वैजनाथनं हिमायतनगरकडंच काढलेलं. शिवकांताच्या दारासमोरच्या खांबावर पाच मिनिटांचं काम तो अर्धा अर्धा तास करायचा. लग्नानंतर सासरच्या बाया तिला डिवचायच्या, "का गं, खालून लाईन मारत व्हता का वरून?" ती म्हणायची, "वरून. खाली उतरायला त्याला भेव वाटायचं."

गाव त्याला लाईनमन म्हणायचं. कागदावर तो लाईनमन नव्हता. कागदावर तो ठेकेदाराचा मदतनीस होता, नऊ वर्षं. हातमोजे एकदा आले होते. कंधारच्या वीज ऑफिसातल्या साहेबांनी सगळ्यांना ते घालायला लावले, फोटो काढला, आणि मोजे पुन्हा पेटीत गेले. पेटीला कुलूप. खांबावर चढायला त्याच्याकडं एक दोर, एक पक्कड आणि एक मोबाइल होता. मोबाइल यासाठी की चढायच्या आधी सबस्टेशनला फोन लावायचा आणि विचारायचं, "लाईन गेली का?" तिकडून "गेली" आलं की चढायचं. नऊ वर्षं असंच चाललं.

जूनमध्ये एका सांजेला वारं सुटलं आणि ओढ्याकाठच्या बाभळीची फांदी तारेवर आली. खांबावरचा जम्पर तुटला. जम्पर म्हणजे एका तारेतून दुसऱ्या तारेला करंट नेणारा वीतभर तुकडा. तेवढ्यानं अख्ख्या गावाची लाईन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वैजनाथचा फोन थांबेना. सरपंच, पिठाच्या गिरणीवाला, बापाच्या वयाची माणसं, सगळ्यांचं एकच, "लाईनमन, लाईन कधी येणार?"

गावातले पंखे बंद होते. खांबावरची सबस्टेशनकडून आलेली तार मात्र जिवंत होती. खाली उभ्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं.

अकराच्या सुमारास वैजनाथ चढला. बरोबरीचा संघपाल खाली दोर धरून होता.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा वैजनाथला धुगधुगी होती. नर्स हातावर चापट्या मारत ओरडत होती, "लाईन सापडंना, डॉक्टर, लाईन सापडंना!" शिवकांता संघपालकडं बघत राहिली. इथंबी?

"शिरेतली, वैनी," संघपाल म्हणाला. "सलाईनची."

मग सापडली. अर्धा तास एका डब्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. मग तीही सरळ झाली. डॉक्टरांनी नुसता डब्याचा आवाज बंद केला.

*

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांचा निरोप आला. कंधारच्या ऑफिसात शिवकांता गेली. साहेब वाईट बोलणारा माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, वैजनाथ किती कामाचा होता ते सांगितलं. मग टाईप केलेला कागद पुढं सरकवला.

"जास्त काही नाही, ताई. चार लाईनी आहेत. तुमच्या हातानं उतरवून द्या, खालच्या लाईनवर सही करा."

शिवकांता दहावी शिकलेली. तिनं कागद तीनदा वाचला. माझे पती यांनी उपकेंद्राकडून लाईन क्लिअर न घेता स्वतःच्या जबाबदारीवर खांबावर चढून काम केले. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

"लाईन क्लिअर म्हंजे काय, साहेब?"

"परवानगी. चढण्याआधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून घ्यायची असते. त्याचा नंबर असतो, वहीत नोंद असते. वैजनाथनं ती घेतली नाही."

"आन् स्वतःच्या जबाबदारीवर म्हंजे?"

"म्हणजे चूक कुणाचीच नाही."

"मग तसंच लिवा की. चूक कुणाचीच न्हाई."

साहेब हसला. चहात बोट बुडालं असावं तसा हसला. "ऑफिसची भाषा वेगळी असते, ताई. तुम्ही सही करा, मी ठेकेदाराशी बोललोय. इथं झाडायला, पाणी भरायला बाई पाहिजेच. तुमचीपण लाईन लागून जाईल."

तिनं कागदाची घडी घातली. "घरी सासूला दावते."

केवळाबाईला वाचता येत नव्हतं. शिवकांतानं वाचून दाखवलं. म्हातारी भिंतीला टेकून ऐकत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "म्हंजे माझा लेक येडा व्हता म्हण की. दिसत असताना तार धरली त्यानं."

त्या एका वाक्यानं शिवकांताला कळलं की आपल्याला काय राखायचं आहे. काम मिळो न मिळो. नऊ वर्षं ज्यानं प्रत्येक खांबावर शहाण्यासारखं पाऊल टाकलं, तो आपल्या चुकीनं मेला असं कागदावर जाऊ द्यायचं नाही. आणि तेही तिच्या हातानं, तिच्या अक्षरात.

मग तिला फोन आठवला. संघपालनं दवाखान्यात तिच्या हातात दिलेला, तसाच लुगड्यांच्या घडीत पडून होता. ठेकेदार तोंडानं बोललेलं दुसऱ्या दिवशी नाकारायचा, म्हणून वैजनाथचं सगळं बोलणं फोनमध्ये आपोआप भरून राहील असं संघपालनंच करून दिलं होतं. तिनं फोन चार्जिंगला लावला आणि त्या दिवशीचा शेवटचा फोन शोधला. सबस्टेशनचा ऑपरेटर मकसूद. चौदा सेकंद.

"मकसूदभाई, लाईन गेली का?"

"हाव रे बाबा. गेली."

"नक्की?"

"गेली म्हणलं ना! पूरी गेली. आता..."

पुढं नुसती खरखर.

केवळाबाई उठून बसली. "बोलून राहिला गं माझा," ती म्हणाली. "लाव पुन्ना." शिवकांतानं लावलं. म्हातारीनं सहा वेळा लावायला लावलं. सातव्यांदा ती रडली नाही. म्हणाली, "दोनदा इचारलं त्यानं. दोनदा इचारणारा येडा नसतो."

*

मकसूदचं घर कंधारात, किल्ल्याच्या अंगाच्या गल्लीत. वैजनाथ ईदला तिथं जेवून यायचा आणि शिरखुर्म्याचा डबा आणायचा. शिवकांता चालत निघाली तेव्हा तिच्या डोक्यात एकच होतं. या माणसानं "गेली" सांगितलं आणि लाईन गेली नव्हती. फोन पोलिसात नेऊन द्यायचा. पण आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं.

दार मकसूदच्या मुलीनं उघडलं. मनतशा. दोन वर्षं लातूरला क्लासात होती, आता घरी. तिनं शिवकांताला ओळखलं आणि बाजूला झाली. मकसूद बाजेवर बसला होता. दाढी वाढलेली.

शिवकांतानं फोन बाजेवर ठेवला आणि चालू केला. वैजनाथचा आवाज त्या घरात घुमला. मकसूदनं दोन्ही कान धरले.

"भाभी, बंद करो. खुदा के वास्ते."

"लाईन चालू व्हती, भाई. तुमी गेली कामून म्हणलात?"

मकसूदनं कानावरचे हात काढले. मग एकदम बोलला, जसा काही दोन आठवडे कुणी विचारायचीच वाट बघत होता.

"त्या दिवशी मेडिकलचा निकाल होता. सकाळी वैजूला मीच म्हणलो, दुआ कर. तो म्हणला, भाई, लागंल लाईन, मेडिकलचीच लागंल. साडेदहाला निकाल आला. पोरीनं घरी दोनदा बघितला, मी सबस्टेशनात दोनदा बघितला. गेलं सगळं. मग फोनवर फोन. साला, मेहुणा, शेजारी, सगळे विचारून राहिले, काय झालं, लाईन लागली का गेली. त्यातच वैजूचा फोन. लाईन गेली का. मला वाटलं..." त्यानं मनतशाकडं बघितलं नाही. "मला वाटलं पोरीचं विचारून राहिला. म्हणलो गेली. पूरी गेली. आता आणखी एक वर्ष लातूरला ठेवायची ताकद न्हाई माझ्यात, असं म्हणत होतो. तर फोन कटला. नेटवर्क."

शिवकांतानं फोन बाजेवरून उचलला.

"तिथं तुमी एकटेच व्हता?"

"एकटाच. दुसरा ऑपरेटर तीन महिने झाले दिलाच न्हाई. रात्रपाळी करून सकाळपाळी करून राहिलो होतो. पाच मिनिटांनी लाईन तोडणारं मशीन आपोआप पडलं. तेव्हा कळलं. मी बंद केली न्हाई भाभी, लाईन वैजूनं बंद केली. अंगावर घेऊन."

शिवकांताला राग यायला हवा होता. तो आलाही, पण धरायचा कुणाला ते कळेना. मग तिनं विचारलं, "साहेबांनी तुमच्याकडून काय लिवून घेतलं?"

मकसूदची मान खाली गेली.

"भाई, मी इचारून राहिले."

"लाईन क्लिअर मागितली न्हाई, असं लिहून दिलं. साहेब म्हणले, लिही, न्हाईतर जेलात जाशील. खोटं न्हाई ते. तो शब्द वैजूनं काढला न्हाई."

"नऊ वर्षांत कधी काढला व्हता?"

"कधीच न्हाई. कुणीच न्हाई. वही पडलीय कपाटात. साहेब स्वतः म्हणतात, वही भरत बसाल तर काम कधी कराल, फोनवर घ्या."

म्हणजे असं होतं. जिवंत माणसाला मेलेल्याविरुद्ध लिहायला लावलं होतं, आणि आता मेलेल्याच्या बायकोला त्यावर शिक्का मारायला बोलावलं होतं. साहेबाचं नाव कुठल्याच लाईनीत नव्हतं.

ती निघाली तेव्हा मनतशा दारापर्यंत आली. वीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"काकू," ती म्हणाली, "लाईन माझी गेली होती. नुसती माझी. अब्बूंनी फोनवर माझं नाव घ्यायला पाहिजे होतं, काकांना कळलं असतं."

शिवकांतानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार होती? पोलीस ठाणं रस्त्यातच होतं. ती त्याच्यावरून गेली आणि थांबली नाही.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबानं चौदा सेकंद शांतपणे ऐकले.

"यात लाईन क्लिअर हा शब्द कुठंय, ताई? लाईन गेली का म्हणजे काय? घरचा पंखा बंद पडला तरी माणसं असंच म्हणतात."

"तुमच्या घरी पंखा बंद पडल्यावर तुमी काय म्हणता?"

"मीही तसंच म्हणतो. पण..."

"आन् खांबावर चढायच्या आधी काय म्हणायचं, ते वैजनाथला तुमी कधी शिकवलं? तारीख सांगा. न्हाईतर ती वही काढा. नऊ वर्षांत एक पान दावा, ज्यात त्याचं नाव हाय. मी आत्ता सही करते."

साहेबाची नजर कपाटाकडं गेली आणि लगेच परत आली. "मोबाइल इथं ठेवून जा. पुरावा आहे तो."

"तुमच्यासाठी पुरावा असंल. माझ्यासाठी नवरा हाय." तिनं फोन कमरेला खोचला. मग टेबलावरचा पेन घेतला आणि टाईप केलेल्या कागदाची घडी उलगडून मागच्या कोऱ्या बाजूला, सावकाश, शाळेतल्यासारखं अक्षर काढत लिहिलं:

वैजनाथनं विचारलं लाईन गेली का. मकसूदभाईनं सांगितलं गेली. एकानं तारेचं विचारलं, दुसऱ्यानं लेकीचं सांगितलं. दोघांची लाईन एक करायची वही साहेबांच्या कपाटात कोरी आहे.

खाली सही केली.

साहेबानं वाचलं. त्याला हसू आलं, खरंच आलं. "याला जबाब म्हणत नाहीत, ताई. याला कविता म्हणतात. फाईलला चालत नाही."

"मग फाईलला काय चालतं?"

फाईलला काय चालतं ते महिन्याभरानं कळलं. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात. मयताच्या पत्नीने जबाब देण्यास सहकार्य केले नाही. मकसूदची जळकोटला बदली. झाडलोटीला ठेकेदाराच्या भावकीतली एक बाई लागली. वहीचा उल्लेख नाही. शिवकांतानं नांदेडला जाऊन वर अर्ज दिला, त्याची पोच घेतली, ती पोच फोनच्या खोळीत ठेवली. पोचेवर शिक्का आहे, पुढं काही नाही.

केवळाबाईनं तो निकाल ऐकला आणि त्या दिवसापासून लाईन हा शब्द टाकला. पंखा थांबला की ती आता म्हणते, "हवा गेली." गावात हसतात.

*

सप्टेंबरात शिवकांता ओढ्याकाठच्या सोयाबीनमध्ये तण काढत होती. रोजानं. तिला बाभळीकडून आवाज आला. गावाची लाईन सकाळपासून गेलेली होती, तिचं लक्ष नव्हतं. मान वर केली तर संघपाल. खांद्यावर वैजनाथचाच दोर, हातात वैजनाथचीच पक्कड. ठेकेदारानं सामान दुसरं दिलं नाही. हाताला मोजे नव्हते. तोच खांब. एक पाय वर टाकून त्यानं फोन कानाला लावलेला.

"हॅलो, लाईन गेली का?"

ती कशी उठली, खुरपं कुठं पडलं, तिला कळलं नाही. चिखलातून धावत आली आणि तिनं त्याचा पाय धरला. दोन्ही हातांनी, घोट्यापाशी.

"वैनी! काय करून राहिल्या?"

"नंबर इचार."

"कशाचा नंबर?"

"लाईन क्लिअरचा. वहीतला. त्यानं दिला तर चढ."

"असा नंबर कोण देतंय, वैनी? त्यो गेली म्हणला. नवा ऑपरेटर हाय, चांगला हाय."

"मकसूदभाईबी चांगला व्हता." तिनं त्याच्या हातातली पक्कड ओढून घेतली. "कुणाची लाईन गेली म्हणला त्यो? इचारलंस?"

संघपालनं पाय खाली घेतला आणि पुन्हा फोन लावला. "भाऊ, तेवढा नंबर..." पलीकडून आवाज मोठा झाला, तिलाही ऐकू आला. "नंबर काय पूजायचाय का? गेली म्हणलं ना एकदा!" आणि फोन आपटला.

तोवर गावातून माणसं आली होती. बोअर बंद, जनावरं तहानलेली. गिरणीवाला आला, सरपंचाचा भाऊ आला. आधी समजावलं, मग आवाज चढला.

"अय बाई, सोड त्याला. लाईन येऊ दे."

"आमची जनावरं काय मारतीस का?"

"नवरा गेल्यापासून ही लाईनवर न्हाई राहिली," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसली.

शिवकांता खांबाला पाठ लावून खाली बसली. पक्कड मांडीत घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. या माणसांच्या पंख्यासाठी तो वर गेला होता. त्यांच्यातल्या एकानंही नांदेडच्या अर्जावर सही केली नव्हती.

"नंबर आला की उठते," ती म्हणाली. "तवर तुडवा मला."

कुणी तुडवलं नाही. कुणी तिच्या बाजूनंही उभं राहिलं नाही. संघपालनं तिच्याकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं, आणि तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी त्यानं तो स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जाईल असा हातात धरला. बाभळीखाली एका बाईचा गोड, भरलेला आवाज आला:

"या मार्गावरील सर्व लाईन व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा."

संघपालनं फोन खाली घेतला नाही. ती बाई पुन्हा तेच म्हणाली.